समजते, पन करत नाही

कापूस वेचणीचे दिवस होते. आठवडाभर शाळेत न आलेल्या चौथीतल्या पोराची चौकशी करायला मी वावरात गेले होते. आजीनं त्याला पिटाळलं, "जाय, लिंबाखालची पान्याची कॅन आन." ओलं गोणपाट गुंडाळलेली पाच लिटरची कॅन, जेमतेम दोनशे पावलांवर. अर्ध्या तासानं पाहतो तर पोट्टं धुऱ्यावर उकिडवं बसून मुंगळ्यांची रांग न्याहाळतंय. "काऊन बे, पानी कुठी हाये?" तो दचकला. पाणी आणायचं होतं हे त्यालाही तेव्हाच आठवलं. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "याले सारं समजते मॅडम, पन करत नाही."

हेच म्हणणं मला पुढे रसेल बार्कली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात सापडलं. 'टेकिंग चार्ज ऑफ एडीएचडी' हे त्यांचं पालकांसाठीचं पुस्तक १९९५ सालचं. अवधान टिकत नाही, अंगात चुळबुळ, विचार करायच्या आत हात पुढे, या अवस्थेलाच एडीएचडी म्हणतात. अशा मुलांची अडचण ते नेमकी पकडतात. काय करायचं हे या मुलांना माहीत असतं. माहीत असलेलं ऐन वेळी हातून घडत नाही. म्हणजे 'किती वेळा सांगितलं तुला!' हे आपलं ठेवणीतलं वाक्य अगदीच कुचकामी. मी स्वतः त्या पोराला कितीदा वर्गाबाहेर उभं केलंय. बाहेर तर त्याला पाहायला आणखीच काहीबाही मिळायचं.

बार्कलींचा एक ठोकताळा मला फार उपयोगी पडला. स्वतःला आवरण्याच्या बाबतीत असं मूल वयापेक्षा साधारण ३० टक्के मागे धरावं. दहा वर्षांच्या पोराकडून सात वर्षांच्या पोराइतकीच अपेक्षा ठेवायची. हे काटेकोर मोजमाप नव्हे. पण मेंदूच्या अभ्यासातही विलंब दिसतो. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे वर्षानुवर्षं स्कॅन घेतले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी वाढत जाऊन एका टप्प्यावर कमाल गाठते. इतर मुलांमध्ये हा टप्पा सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास आला, या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता, जिथून लक्ष आणि संयम सांभाळला जातो. वाढीचा क्रम तोच, फक्त पेरा उशिरा झालेला.

मग करायचं काय? आठवण मुलाच्या डोक्यात राहील या भरवशावर न राहता ती कामाच्या जागी, डोळ्यांसमोर ठेवायची. खांद्यावर हात ठेवून, एका वेळी एकच काम सांगायचं. शाबासकी लगेच द्यायची. 'पहिला आलास तर दिवाळीत सायकल' हे या पोरांसाठी शंभर वर्षांनंतरचं आश्वासन आहे. पुस्तकात चांदण्या चिकटवायचे तक्ते असतात. आजीनं तुरीचे दाणे घेतले. काम झालं की लगेच एक दाणा काचेच्या ग्लासात, दहा झाले की संध्याकाळी बंडीवर बसून कासरा हातात. मात्र ग्लासात पडलेला दाणा रागाच्या भरात परत काढायचा नाही, हे आजीला पटायला पंधरा दिवस लागले.

रॉस ग्रीन यांचं 'द एक्स्प्लोसिव्ह चाइल्ड' (१९९८) चटकन भडकणाऱ्या कुठल्याही मुलाबद्दल आहे. जमत असतं तर पोरानं केलंच असतं, हे त्याचं सूत्र. भांडण पेटल्यावर नव्हे, आधीच निवांत बसून मुलाला 'तुला यात काय अवघड जातं?' असं विचारा, असं ते सांगतात. एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी यांचं 'ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन' (१९९४) मी आवर्जून बापांना समजावून सांगते. दोघं लेखक स्वतः डॉक्टर आणि दोघांनाही एडीएचडी. या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ऐकता ऐकता एखादा बाप हळूच म्हणतो, "हे त मायंच हाये."

ही पुस्तकं अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेली. एका खोलीत दोन वर्ग आणि एकच मास्तर, हे त्यांच्या गावी नाही. आणि रात्री लाइन आली की ओलितासाठी वावरात जाणारा बाप, त्याच्या मागे लागून जाणारं पोर, हेही नाही. झोप न झालेलं पोर वर्गात तसंच वागतं. रक्त कमी असलेलं, कान फुटलेलं, क्षणभर शून्यात पाहणाऱ्या फिटचं मूलही तसंच वाटू शकतं. म्हणून पुस्तक वाचून घरच्या घरी शिक्का मारू नये. लक्षणं सहा महिन्यांहून जास्त, बाराव्या वर्षाच्या आधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, तेव्हा त्यांना स्पष्ट सांगावं; पुढच्या तपासणीसाठी तेच जिल्ह्याला पाठवतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण. त्यापुढे गरज पडली तर औषध, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्या औषधाला गावात 'झोपेची गोळी' म्हणतात, ते चूक आहे. सहसा दिली जाणारी औषधं उत्तेजक गटातली असतात.

परवा पुन्हा त्याच वावरात गेले. आता आजी पोराला रिकाम्या हातानं पाठवत नाही. पाणी आणायचं असलं की हातात रिकामा गडवा देते. गडव्याकडे नजर गेली की पाणी आठवतं. या वेळी पाच मिनिटांत कॅन आली. गडवा लिंबाखालीच राहिला.