फांदीवरचं सगळंच बांडगूळ नसतं

झाडाच्या फांदीवर दुसरंच काही हिरवं दिसलं की आपण 'बांडगूळ' म्हणून मोकळे होतो. एका जुन्या आंब्याची 'सफाई' मी डोळ्यांनी पाहिली आहे. वर चढलेल्या माणसाने खोडावरच्या आमऱ्या कोयत्याने खरवडून खाली टाकल्या, त्यातली एक तर फुलावर आलेली. शेंड्याकडचं खरं बांडगूळ तसंच राहिलं, कारण तिथवर हात पोचत नव्हता!

आमरी म्हणजे ऑर्किड. ती झाडावर राहते, पण झाडाचं खात नाही. शेवाळ आणि नेच्यांचंही तेच. आमरीची मुळं सालीला फक्त घट्ट धरून असतात. त्यांच्यावर स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं, ते पावसाचं पाणी टिपून घेतं. कोरड्या मुळावर पाण्याचे चार थेंब सोडून बघा, करडं मूळ बघता बघता हिरवं होतं. हिरवेपणा आत असतोच; आवरण भिजलं की तो दिसू लागतो.

बांडगुळाचा खाक्या वेगळा. फुलटोच्या नावाचा पक्षी त्याची फळं खातो, पण बी इतकं चिकट की पोटातून बाहेर पडतानाही सुटत नाही. पक्ष्याला ते फांदीवर पुसावं लागतं. तिथेच ते रुजतं आणि साल भेदून शोषक मूळ थेट लाकडात घालतं. पानं हिरवी असल्याने अन्न ते स्वतः बनवतं, चोरी पाण्याची आणि क्षारांची. म्हणून ते अर्धपरजीवी. (पिवळी अमरवेल त्याहून निगरगट्ट, ती तयार अन्नच ओढते.) उन्हाळ्यात झाड पाणी जपून वापरतं, बांडगूळ मात्र उधळत राहतं. मग त्याच्यापुढचा फांदीचा शेंडा वाळतो.

ओळखायचं तर पानाफुलांकडे नको, सांध्याकडे बघा. बांडगुळाच्या बुडाशी फांदी गाठीसारखी फुगलेली असते. आमरीखालची साल शाबूत असते. बांडगूळ नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. गाठीच्या बरंच खालून फांदीच कापावी लागते.

बेचक्यात उगवलेला वड या दोन्हींत बसत नाही. तो साल भेदत नाही, लहानपणी आमरीइतकाच गरीब असतो. पण मुळं जमिनीला टेकली की खोडाला विळखा घालून आवळत जातो. त्याला रोप असतानाच उपटलेलं बरं.