सहभागी अंदाजपत्रक, नागरी

महानगरपालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक तयार होत असताना कोणत्या कामासाठी वा सेवेसाठी किती तरतूद व्हावी, हे रहिवाशांनी व त्यांच्या संघटनांनी मागण्याची, पटवून देण्याची आणि काही अंशी ठरवण्याची पद्धती. ‘सहभागी अर्थसंकल्प’ असेही तिला म्हणतात. पालिकेच्या व्यवहारात ‘अंदाजपत्रक’ हाच शब्द रूढ असल्याने येथे तो स्वीकारला आहे.

या पद्धतीचा उगम ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री शहरात १९८९ मध्ये, ओलिव्हिओ दुत्रा महापौर असताना झाला, असे सामान्यतः मानले जाते. मात्र हे श्रेय कोणाचे, याबद्दल मतभेद आहेत. एक मत ते सत्तेवर आलेल्या कामगार पक्षाला देते. दुसऱ्या मतानुसार त्याच शहरातील वस्ती-संघटनांच्या महासंघाने १९८६ च्या सुमारासच अंदाजपत्रकावर रहिवाशांचे नियंत्रण असावे अशी मागणी केली होती आणि पक्षाने ती पुढे उचलून धरली. ब्राझीलच्याच सांता कातारिना राज्यातील लाजेस या गावी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस झालेले प्रयोग पाहता आरंभ आणखी मागे नेता येतो. तथापि तेथे लोकांचा सल्ला घेतला जाई, पैशाच्या वाटपावर त्यांचा बांधील अधिकार होता असे म्हणणे कठीण आहे. उपलब्ध पुराव्याचा कल दुसऱ्या मताकडे अधिक आहे. पोर्तो अलेग्रीत शहराचे १६ विभाग पाडून सभा भरत, त्यांतून प्रतिनिधी निवडले जात आणि पाणी व सांडपाण्याच्या जोडण्यांना अग्रक्रम मिळे. तेथील प्रक्रिया २०१७ मध्ये स्थगित झाली.

महाराष्ट्रात या पद्धतीचे परिचित उदाहरण पुण्याचे आहे. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली. त्या वेळी नितीन करीर आयुक्त होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयांत अर्ज घेतले जात, प्रभाग समितीत त्यांची छाननी होई आणि मान्य कामे आयुक्तांच्या मसुद्यात समाविष्ट होत. पुढे हा मसुदा स्थायी समिती (खर्चाला मंजुरी देणारी मोजक्या नगरसेवकांची समिती) व मुख्य सभा (सर्व नगरसेवकांची सभा) यांच्यापुढे जाई. एका कामासाठी साधारणपणे ५ लाख रुपयांपर्यंत मर्यादा असे.

या अर्जाची घडणच परिणाम ठरवते. कामाचे ठिकाण सांगावे लागत असल्याने पदपथ, दिवे, बाक, गटारे, बसथांबे अशी भांडवली स्वरूपाची कामे त्यात सहज बसतात. पाळणाघरातील सेविकेचे मानधन, दवाखान्यातील औषधे किंवा कष्टकऱ्यांचा विमा यांना कोपऱ्यावरचे ठिकाण नसते. तो महसुली खर्च असतो आणि दरवर्षी करावा लागतो. सामाजिक सेवांसाठीचा आग्रह म्हणूनच बहुधा अर्जाच्या बाहेर, संघटित मागणीतून पुढे आला आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कचरावेचकांचे आहे. हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेचे बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या यांच्या पुढाकारातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास पालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. हे ओळखपत्र छोटे दिसले, तरी पोत्यासह अडवल्या जाणाऱ्या बाईला ती शहराचे काम करते हे सांगण्याचा पहिला लेखी आधार त्यातून मिळाला. वेचलेल्या मालामुळे पालिकेचा कचरा वाहतुकीचा खर्च किती वाचतो, याचा हिशेब संघटनेने पुढे मांडला, आणि २००२-०३ मध्ये पालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरण्यास सुरुवात केली. असे करणारी ती देशातील पहिली महानगरपालिका मानली जाते. ही मागणी दयेची नव्हती, केलेल्या कामाच्या मोबदल्याची होती, हे विसरता कामा नये.

कायद्याची चौकट अशा मागण्यांना अर्धवटच साथ देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ (पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) याच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक, तर कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये दिली असून अनेक कल्याणकारी सेवा दुसऱ्या गटात मोडतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी संस्थांकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीत, दुर्बल घटकांचे हितरक्षण व नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय आले. महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के तरतुदीचा शासकीय दंडकही आहे.

तरतूद मंजूर झाली म्हणजे पैसा खर्च होतोच असे नाही. एका अर्थशीर्षावरील (खर्चाच्या ठरावीक बाबीवरील) रक्कम दुसरीकडे वळवण्याच्या ठरावाला पुण्यात ‘वर्गीकरण’ म्हणतात आणि न खर्चलेल्या कल्याणकारी तरतुदी त्यात सहज सापडतात. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादीही त्याच तिजोरीवर हक्क सांगते. त्यामुळे जाणत्या संघटना अंदाजपत्रक मंजूर झाल्यावरही वर्षभर स्थायी समितीच्या कार्यपत्रिका वाचत राहतात. मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपून प्रशासक आल्यावर स्थायी समिती व मुख्य सभा या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे गेले आणि प्रशासकाच्या त्या काळात मागणी मांडण्याची जागा त्याच्या दालनापुरती उरली.