धौलिया (मोहरीवरचा चितकबरा ढेकूण)

धौलिया म्हणजे मोहरी, मुळा, कोबी यांच्यावर पडणारा काळा, अंगावर नारिंगी-पांढरे ठिपके असलेला ५ ते ७ मिमी लांबीचा किडा. शास्त्रीय नाव बाग्राडा हिलॅरिस, कुळ पेंटॅटोमिडी, म्हणजे ढालकिड्यांचं. पाठीवर मधोमध जो त्रिकोण दिसतो ती याची ढाल. ग्वाल्हेरात मराठी घरांतही बोलताना 'सरसोंवरचा (मोहरीवरचा) धौलिया' असंच निघतं, आणि रस शोषल्यावर पानं पांढुरकी पडतात त्यावरून हे नाव आलं असावं, हिंदीत धौला म्हणजे पांढरा. मुलं याला लेडीबर्ड समजतात, पण लेडीबर्ड चावून खाते आणि याला सोंड असते, उलटा करून बघितला की लगेच कळतं.

नावाचा घोळ मोठा आहे. १८व्या शतकात कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 'पिक्टा' म्हटलं, १८३५ मध्ये बुरमाइस्टरने 'हिलॅरिस' असं वर्णन केलं, मग १९०९ मध्ये कर्काल्डीने 'क्रुसिफेरारम' हे नाव दिलं आणि आपल्याकडची शेतकी पुस्तकं कितीतरी वर्षं तेच छापत राहिली, त्यामुळे जुन्या नोंदी शोधताना तिन्ही नावं बघावी लागतात, नाहीतर हे तीन वेगळे किडे वाटतात. आता सगळे हिलॅरिसच धरतात.

मूळ कुठलं यावर एकमत नाही. २००८ मध्ये हा लॉस एंजेलिसजवळ पहिल्यांदा सापडला तेव्हापासून तिकडच्या लिखाणात बरेचदा 'आफ्रिकेतला' असं येतं, पण तो भारत-पाकिस्तानातही जुनाच आहे, आणि अमेरिकेत गेलेले किडे बहुधा पाकिस्तानकडून गेले असं अलीकडच्या जनुकीय तुलनेवरून दिसतं. तेच जास्त पटतं. इटलीच्या पँतेलेरिया बेटावर तो केपरच्या (ज्याच्या कळ्या खारवून खातात त्या) झुडपांवर येतो, आणि चंबळच्या बीहडातलं (घळींच्या रानातलं) करील हे केपरच्याच वंशातलं झाड आहे हे इथल्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याची खरी ओळख मात्र अंड्यांत आहे. बहुतेक ढालकिडे पानाच्या मागे अंड्यांचे गुच्छ चिकटवतात, ही मादी मातीत पोटाचं टोक खुपसून एकेक अंडं पुरते, त्यामुळे शेतात पानं कितीही उलटून बघा, अंडी हाती लागत नाहीत. अंडं आधी पांढुरकं असतं, मग नारिंगी होत जातं. पिल्लं पाच वेळा कात टाकतात, आधी लालसर मग ठिपकेदार होतात, आणि उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पूर्ण वाढ होते. या पुरलेल्या अंड्यांनाही शोधून त्यात अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी आहे, ग्रायॉन एथेरियम, तिला २०२१ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं, त्याआधी ती कर्नाटकात कोडगूतल्या गोणिकोप्पलवरून नाव पडलेल्या जातीतच मोजली जायची. इतक्या बारीक जिवाने माती उकरून अंडं शोधावं हे खरंच थक्क करणारं आहे.

मोरेना-भिंड-ग्वाल्हेर पट्ट्यात त्रास दोनदा होतो. पेरणीनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन-चार पानांची रोपं शोषली जाऊन सुकतात, आणि मग फेब्रुवारी-मार्चात शेंगा भरताना व कापलेला माल खळ्यावर पडून असताना, तेव्हा दाणे सुरकुततात, तेल कमी होतं. अंडी मातीत म्हणून उपायही मातीतलेच, खोल नांगरट आणि रोपं लहान असतानाच पहिलं पाणी. कापणीनंतर मळणी लांबवू नये. बियाण्याला औषध चोळून पेरणंही चालतं.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गच्चीवर कुंडीत मुळा लावलेला असेल तर दुपारच्या उन्हात बघावं, नर-मादी शेपटीला शेपूट लावून एकत्रच चालताना दिसतात, आणि रोप हलवलं की टपटप मातीत पडतात.