टाइल भिजवायची का? आधी तिची पाठ बघा

ओट्यामागे डॅडो टाइल्स लावायचं काम निघालं की मिस्त्री पहिली मोठी बादली मागतो, टाइल्स भिजत घालायला. बऱ्याच जणांना वाटतं धूळ निघावी म्हणून भिजवतात. धूळ निघतेच, पण खरं कारण सिमेंट आहे.

सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण म्हणतो, पण ते वाळत नाही, पाण्याशी रिअॅक्शन होऊन घट्ट होतं आणि त्यात जे बारीक स्फटिक तयार होतात ते टाइलच्या पाठीवरच्या छिद्रांत शिरून तिला पकडून ठेवतात. मधल्यामधे ते पाणी टाइलनेच ओढून घेतलं तर रिअॅक्शन अर्धवट राहते आणि मागे भुसभुशीत थर उरतो. साधी सिरॅमिक वॉल टाइल तर वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. म्हणून तिची तहान आधीच भागवायची, मग निथळू द्यायची, मग लावायची. जुन्या मिस्त्रींची ही सवय अगदी बरोबर होती.

गडबड झाली व्हिट्रिफाइड टाइल आल्यावर. ही भट्टीत इतकी तापवतात की मातीतले काही खनिज वितळून छिद्रं जवळपास बुजतात, त्यामुळे ती अर्धा टक्कासुद्धा पाणी घेत नाही. हिला रात्रभर भिजवा नाहीतर आठवडाभर, फरक शून्य! शिवाय छिद्रंच नाहीत तर साधं सिमेंट धरणार कशाला? सुरुवातीला छान बसलेली दिसते आणि मग कधीतरी टकटक केलं की पोकळ आवाज येतो.

इथे टाइल अॅडहेसिव्ह लागतं. त्यातही सिमेंट आणि वाळूच असते, पण सोबत सेल्युलोजपासून केलेली एक पावडर असते जी पाणी धरून ठेवते आणि पॉलिमर असतो जो गुळगुळीत पाठीलाही चिकटतो. म्हणजे पाणी सांभाळायचं काम अॅडहेसिव्हच करतं, त्यामुळे सिरॅमिक टाइलही भिजवायची गरज नाही, उलट पाठीवर पाण्याचा थर राहिला तर पकड कमी होते. तरी सवयीने भिजवतातच, पिशवीवर लिहिलेलं वाचतो कोण.

आपली टाइल कुठली ते कळायला पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाका, लगेच शोषले तर सिरॅमिक, तसेच बसून राहिले तर व्हिट्रिफाइड.

अॅडहेसिव्हचे चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच लपके मारून टाइल दाबणं हा प्रकार मात्र चालू देऊ नका, मधल्या पोकळीवर ड्रिल लागलं की टाइल तडकते. दातेरी थापीने पूर्ण थर ओढायला सांगा.

टाइल्समध्ये स्पेसर घालून २ मिमी फट ठेवलेली बरी, कारण गॅसमागची भिंत रोज तापते आणि निवते, टाइल आणि प्लास्टर सारखं प्रसरण पावत नाहीत. फटीत सिमेंटचं ग्राउट भरलं तर तेही छिद्रांचंच, फोडणीचं तेल आणि हळद आत मुरते. ताज्या ग्राउटवर हळद पडली तर डाग लालसर दिसतो, सिमेंट अल्कलाइन असतं म्हणून, साबणाने होतो तसाच. एपॉक्सी ग्राउट महाग पडतं पण त्यात काही मुरत नाही, फक्त लावल्या लावल्या पुसायला हवं, टाइलवर सुकलं तर निघता निघत नाही. आणि ओट्याचा ग्रॅनाइट जिथे टाइलला भेटतो तिथे ग्राउट नको, सिलिकॉन भरा, ओटा जरासा हलतो आणि ग्राउटला तिथेच चीर पडून पाणी आत जातं.