प्रभावक प्रथिने (रोगकारक कवकांची)

वनस्पतींवर रोग निर्माण करणारी कवके आश्रयी वनस्पतीच्या पेशींभोवतालच्या अवकाशात किंवा थेट पेशींच्या आत काही प्रथिने सोडतात. वनस्पतीची संरक्षणव्यवस्था निष्प्रभ करणाऱ्या आणि तिचे चयापचय कवकाच्या सोयीचे करून घेणाऱ्या या प्रथिनांना प्रभावक प्रथिने म्हणतात. कृषी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ‘इफेक्टर’ हाच शब्द अधिक ऐकू येतो. व्याख्येच्या व्याप्तीविषयी एकमत नाही. २००९ च्या सुमारास पुढे आलेल्या व्यापक व्याख्येनुसार आश्रयीच्या पेशीची रचना किंवा कार्य बदलणारा रोगकारकाचा कोणताही पदार्थ, मग तो प्रथिन नसला तरी, प्रभावक ठरतो. संकुचित व्याख्येत केवळ स्रवणारी, आकाराने लहान आणि बहुधा सिस्टीन या गंधकयुक्त ॲमिनो अम्लाने समृद्ध प्रथिने येतात. आकार आणि सिस्टीन या कसोट्या शोधाच्या सोयीसाठी घातलेल्या आहेत; कार्यावर आधारलेली व्याख्याच अधिक ग्राह्य वाटते.

या संकल्पनेचा उगम सांगताना जवसाचा उल्लेख अटळ आहे. विदर्भातील रब्बीचे हे जुने गळिताचे पीक असून नागपूरच्या कृषी महाविद्यालयातील संशोधनातून ‘एनएल ९७’ आणि ‘पीकेव्ही एनएल २६०’ यांसारखे वाण पुढे आले. त्याच पिकावरील तांबेऱ्याचा, म्हणजे मेलॅम्प्सोरा लिनी या कवकाचा, अभ्यास अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात हॅरल्ड हेन्री फ्लोर यांनी १९३० नंतरच्या दशकापासून केला. त्यापूर्वी रोलँड बिफेन यांनी १९०५ मध्ये गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याला होणारा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार वारसाने उतरतो हे दाखविले होते. परंतु तो हिशेब केवळ वनस्पतीच्या बाजूचा होता. फ्लोर यांनी जवसाच्या वाणांचा आपसांत संकर केला आणि त्याबरोबर कवकाच्या प्रकारांचाही केला. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगातील दोन वाणांपैकी एकाचे नाव ‘ओटावा ७७०बी’ आणि दुसऱ्याचे ‘बॉम्बे’ असे होते. कवकाचा एक प्रकार एका वाणावर, तर दुसरा दुसऱ्या वाणावर रोग पाडत असे. संकराच्या दुसऱ्या पिढीत वनस्पती आणि कवक या दोहोंमध्ये ९:३:३:१ या, दोन स्वतंत्र जनुके सुचविणाऱ्या, प्रमाणाशी जुळणारी विभागणी आढळली. वनस्पतीतील प्रत्येक प्रतिकार जनुकाला कवकात एक जोडीदार जनुक असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि तो ‘जनुकास जनुक’ या नावाने रूढ झाला. या सिद्धांताचा काळ काही लेखक १९४२ च्या लेखापासून, तर काही १९५५-५६ च्या सविस्तर मांडणीपासून धरतात. सिद्धांताचा गाभा १९४२ मध्येच दिसतो, त्यामुळे पहिली तारीख अधिक सयुक्तिक मानावी लागते.

फ्लोर यांच्या मांडणीत एक कोडे शिल्लक होते. ज्या जनुकामुळे कवक ओळखले जाऊन त्याचा आक्रमणाचा प्रयत्न फसतो, असे जनुक कवकाने बाळगावेच कशासाठी? त्यास ‘अरोगकारकता जनुक’ म्हटल्याने हे कोडे अधिकच गडद झाले, कारण नावातून केवळ कवकाचे नुकसान सूचित होते. रोगकारक वनस्पतीचा प्रतिकार दडपणारे पदार्थ सोडत असावेत, असे १९८१ च्या सुमारास सुचविले गेले होते. तथापि प्रत्यक्ष रेणू हाती येईपर्यंत ती कल्पनाच राहिली.

कवकातील पहिले अरोगकारकता जनुक १९९१ मध्ये नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे पिएर डी विट यांच्या गटाने टोमॅटोच्या पानांवरील क्लॅडोस्पोरियम फुल्व्हम या कवकातून वेगळे केले. ‘एव्हीआर९’ या जनुकापासून बनणारे परिपक्व प्रथिन अवघ्या २८ ॲमिनो अम्लांचे आहे. त्याच कवकातील ‘एव्हीआर४’ने कोड्याचा उलगडा सुरू केला. वनस्पती कायटिनेज या विकराने कवकाच्या पेशीभित्तीतील कायटीन तोडू पाहते; एव्हीआर४ त्या कायटीनला चिकटून भित्तीवर कवच चढविते. तरीही कायटीनचे काही तुकडे सुटतात आणि वनस्पतीचे ग्राही (पेशीवरील ओळख पटविणारी प्रथिने) त्यांवरूनच कवकाला ओळखतात. ‘ईसीपी६’ हे तिसरे प्रथिन हे सुटे तुकडे आधीच टिपून घेते, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे ज्या रेणूंवरून वनस्पती कवकाला पकडते, ते कवकाच्या उपजीविकेचेच साधन असते. जवसाच्या तांबेऱ्यातील ‘एव्हीआरएल५६७’ हे जनुक २००४ मध्ये सापडले. त्याचे प्रथिन कवकाच्या शोषकांगातून जवसाच्या पेशीत शिरते आणि तेथील प्रतिकार प्रथिनाशी प्रत्यक्ष जोडले जाते.

जोनाथन जोन्स आणि जेफ्री डँगल यांनी २००६ मध्ये ही माहिती दोन स्तरांच्या संरक्षणात बसविली. पहिला स्तर कायटीनसारख्या सर्वसाधारण खुणा ओळखतो, प्रभावक तो दडपतात आणि दुसरा स्तर प्रभावकांनाच ओळखतो. हे चित्र अध्यापनास सोयीचे असले, तरी हे स्तर परस्परांना बळ देतात असे २०२१ मधील प्रयोगांवरून दिसते, म्हणून त्यांची सीमारेषा फार ठळक मानू नये.

पेशीच्या आत जाऊन काम करणाऱ्या प्रभावकांत मक्याच्या काणीचे (युस्टिलॅगो मेडिस) ‘सीएमयू१’ हे चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे. सॅलिसिलिक अम्ल हा वनस्पतीचा धोक्याचा संदेश कोरिस्मेट या पदार्थापासून तयार होतो; सीएमयू१ कोरिस्मेट दुसऱ्याच मार्गाने वळविते आणि संदेशाचा कच्चा मालच कमी पडतो. मक्याचे किवेलिन नावाचे प्रथिन सीएमयू१ला जखडून ठेवते, हे २०१९ मध्ये उघड झाले.

ही प्रथिने वनस्पतीच्या पेशीत शिरतात कशी, हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. त्याची चर्चा बहुतांशी फायटोप्थोरा या गटावरून झाली. नागपुरी संत्र्याच्या बागांत डिंक्या, पायकुज आणि मूळकुज घडविणाऱ्या जाती याच गटातील आहेत. फायटोप्थोरा हे खरे कवक नव्हे. त्याच्या पेशीभित्तीत मुख्यतः कायटीन नसून सेल्युलोज आणि ग्लुकॅन असतात आणि त्याचे नाते कवकांपेक्षा तपकिरी शैवलांशी जवळचे आहे. बागायतदारांच्या बोलण्यात मात्र ती बुरशीच असते. बटाट्याच्या करप्याच्या फायटोप्थोरा इन्फेस्टन्सच्या २००९ मध्ये वाचल्या गेलेल्या जनुकसंचात, सुमारे २४ कोटी बेसजोड्यांत, ‘आरएक्सएलआर’ ही खूण (ॲमिनो अम्लांचा ठरावीक लहान क्रम) असलेल्या प्रभावकांची पाचशेहून अधिक जनुके आढळली. हिवतापाच्या परजीवीतील एका खुणेशी असलेल्या साम्यामुळे ही खूणच प्रवेशाचा परवाना असावी, असे २००५ नंतर मानले गेले. २०१० मध्ये एका गटाने ही खूण पेशीपटलावरील एका मेदद्रव्याला चिकटते असे सांगितले आणि खऱ्या कवकांतही तशाच खुणा असल्याचा दावा केला. इतर प्रयोगशाळांना हे चिकटणे तसेच आढळले नाही. २०१७ मध्ये एका प्रभावकाबाबत असे दिसले, की ही खूण प्रथिन बाहेर पडण्यापूर्वीच छाटली जाते. तसे असेल तर ती वनस्पतीच्या पेशीपटलाला चिकटण्याचा प्रश्नच उरत नाही आणि तिचे काम रोगकारकाच्या स्वतःच्या पेशीतील वर्गवारीचे ठरते. हिवतापाच्या परजीवीतही साम्य असलेली खूण आतच छाटली जात असल्याने हे मत अधिक पटण्याजोगे आहे. खऱ्या कवकांत तर प्रवेशाची सामायिक खूण आढळत नाही. धानाच्या करप्यात आत जाणारे आणि बाहेर राहणारे प्रभावक दोन निरनिराळ्या मार्गांनी स्रवतात (२०१३), तर मक्याच्या काणीत पाच प्रभावक आणि दोन पटलप्रथिने यांचा संघ प्रवेशासाठी आवश्यक असल्याचे दिसते (२०२१). प्रत्येक गटाने आपापला मार्ग स्वतंत्रपणे घडविला असावा.

मृत ऊतींवर जगणाऱ्या कवकांत व्यवहार उलटा असतो. गव्हावरील ‘टॉक्सए’ हे प्रथिन ‘टीएसएन१’ जनुक असलेल्या वाणांची पेशी मारते आणि कवक त्यावर पोसते. येथे ओळखले जाणे हाच कवकाचा लाभ आहे. हे जनुक पॅरास्टॅगोनोस्पोरा नोडोरम या कवकातून दुसऱ्या कवकात गेल्याचे २००६ मध्ये सांगितले गेले.

प्रभावकांची जनुके पुष्कळदा गुणसूत्रांच्या चंचल, पुनरावृत्त भागांत असतात. टोमॅटोवर मर आणणाऱ्या फ्युजेरियम ऑक्सिस्पोरममधील ‘सिक्स’ प्रथिनांची बरीच जनुके एका जादा गुणसूत्रावर आहेत. ते गुणसूत्र निरुपद्रवी वंशात गेल्यावर तोही रोग पाडू लागतो, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. हरभऱ्यावरील मर याच जातीच्या वेगळ्या रूपाने होते. त्याचे आठ प्रकार मानले जातात आणि त्यांपैकी १ए, २, ३ व ४ हे भारतातून प्रथम नोंदले गेले.

प्रतिकारक वाण काही हंगामांनी रोगाला बळी पडू लागतो, याचे कारणही येथेच सापडते. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यातील धान उत्पादकांना परिचित असलेल्या करप्याच्या कवकात ‘एव्हीआर-पिटा’ जनुकात उड्या मारणारा डीएनएचा तुकडा घुसला, की ‘पाय-टा’ प्रतिकार असलेला वाण त्याला ओळखू शकत नाही. उलटपक्षी ब्राझीलमध्ये १९८५ मध्ये गव्हावर करपा प्रथम दिसला, त्यामागे ‘आरडब्ल्यूटी३’ हे प्रतिकार जनुक नसलेल्या गहू वाणांची मोठ्या क्षेत्रावरील लागवड होती, असे २०१७ मधील अभ्यास सांगतो. तोच रोग २०१६ मध्ये बांगलादेशात पोहोचला. पैदासकार आता काही ठिकाणी शुद्ध प्रभावक पानात टोचून रोपांची निवड करतात. ऑस्ट्रेलियात टॉक्सएच्या साहाय्याने संवेदनक्षम गव्हाच्या ओळी याच रीतीने वगळल्या जातात.