पावसाळ्याआधीची नोटीस आणि माळवदाची घरं: थोडी पार्श्वभूमी

मे संपत आला की जुन्या वाड्यांच्या दारावर नोटीस चिकटते. घर धोकादायक झालंय, दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या, काही बरंवाईट झालं तर जबाबदारी मालकाची. कलमं नोटिशीवरच छापलेली असतात, नगरपालिका असेल तर 1965 च्या कायद्याचं 195 आणि महापालिका असेल तर तिच्या वेगळ्या कायद्याचं 264, त्यामुळं त्यात फार शिरत नाही. पण मराठवाड्यात ही नोटीस कुणी मनावर का घेत नाही हे बघायचं तर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरची चार-पाच वर्षं बघावी लागतात.

त्याच्या आधीचं थोडक्यात. निजामाचं राज्य गेलं, 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो, मग महाराष्ट्र झाला, 1965 च्या कायद्यानं नगरपालिकांचे नियम राज्यभर एकसारखे झाले. हे सगळं शहरातलं. खेड्यात घर राखायचा नियम एकच होता, मृगाच्या आत माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर, नीट करायचं. वरचं गवत उपटायचं, सवण्याच्या (उजेडासाठी छपरात ठेवलेल्या झरोक्याच्या) कडा लिंपायच्या, पन्हाळ मोकळं करायचं आणि पांढरी माती आणून पसरून धुमसायची (गावोगावच्या गढ्या अर्ध्याअधिक या पांढरीपायीच पोखरल्यात). आता गोची अशी की जुनी माती कुणी काढत नव्हतं, नवी तेवढी वर पडायची. तुळया आणि किलचन (तुळयांवर अंथरलेल्या लाकडी फळ्या-पट्ट्या) यांच्यावर पिढ्यान् पिढ्या थर चढत गेले, कुठं फूट-दीड फूट तर कुठं दोन फुटांच्याही वर. खाली दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, त्याही दोन पदरी, मधी माती न् कपची भरलेली, दोन पदर बांधून धरणारा आरपार दगड नाही. म्हणजे जो माणूस दरवर्षी इमानदारीनं घर राखायचा त्याच्याच डोक्यावर वजन वाढत होतं.

30 सप्टेंबर 1993 च्या त्या भूकंपाचं इथं परत सांगत बसत नाही. त्यानंतर 52 गावं नव्या जागेवर बसवली, जमिनीप्रमाणं 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं दिली, त्यावर भरपूर लिहून झालंय. ज्याच्यावर कमी बोललं जातं तो दुसरा भाग, तेरा जिल्ह्यांतली जवळपास दोन लाख घरं, जी पडली नव्हती, नुसती तडकली होती. त्यांना घराच्या नुकसानीप्रमाणं 17 हजार किंवा 34 हजार, तेही हप्त्यानं, कामाची तपासणी करून. इंजिनिअर लोकांचं म्हणणं साधं होतं की आहे तेच घर मजबूत करा, माळवदावरची माती कमी करा, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांध घाला, वरून पट्टा फिरवा, कमी पैशात जीव वाचतो. आणि ते चूक नव्हतं, कारण भिंती बाहेर कोसळल्या तरी जिथं लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला तिथं माणसं वाचलेली लोकांनी डोळ्यांनी बघितली होती.

पण लोकांनी ऐकलं नाही. बहुतेकांनी त्या पैशात जुन्या घराला हात न लावता शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली, वर पत्रा टाकला. सरकारनं आधी ताणून धरलं आणि मग तेही मान्य केलं. या निर्णयावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो पैसा वाया गेला, मूळ घर तसंच राहिलं. दुसरा म्हणतो दगडाखाली गाडलेली माणसं ज्यांनी उपसली त्यांना परत दगडाच्या घरात झोपा म्हणणं कुठल्या तोंडानं. मला दुसरं पटतं, पण परिणाम पहिल्याच्या बाजूनं झाला हेही खरंय, कारण उन्हाळ्यात पत्र्याखाली कोण थांबणार, दुपारची माणसं हळूहळू परत माळवदाखाली आली, आणि आता त्या घरावर धड मातीही पडत नव्हती न् धड दुरुस्तीही होत नव्हती. जिथं घर पाडलं तिथं सागवान विकून मोकळे.

नंतरचे नियम या पडीक घरांवर येऊन बसले. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मालकानंच करून घ्यायचं, शहरात हे कायद्यातच आलं. फ्लॅटवाल्यांना ते जमतं तरी, पण वाड्याच्या उताऱ्यावर सात वारस, दोन पुण्यात, एक भाडेकरू हलत नाही, तिथं इंजिनिअरची फी कुणी भरायची यावरूनच भावकी जुंपते. घरकुलात बसायचं तर जागा नावावर पाहिजे, तिथंही वारसच आडवे. नोटीस मात्र सगळ्यांच्या नावानं निघते आणि घेतो तो, जो घरी सापडला.

2024 च्या मार्चमध्ये हिंगोलीकडं 4.5 चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला, तेव्हा प्रशासनानं आवाहन केलं की पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. बरोबरच आहे, पण ते दगड हौसेनं ठेवलेले नसतात, वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून असतात, आणि त्याच्या जागी हूक मारून पत्रे आवळायचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. आमच्या गल्लीत दोघांनी दगड उतरवले आणि अवकाळी आला तसे परत चढवले.