पत्ते टाकलेत? मग डाव संपेपर्यंत पत्त्यांवर बोलू नका
(ऑनलाइन पोकरची संध्याकाळ ठरवणाऱ्या ग्राहकांसाठी)

कुटुंब, ऑफिस किंवा कॉलेजचा जुना ग्रुप, आमच्याकडे पोकरची संध्याकाळ कोणीही ठरवली की हे पत्रक आम्ही आधी पाठवतो. टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार कसा खेळतात हे तुम्हाला ढोबळमानाने माहीत आहे असं धरलंय. ज्यांची पाटी अगदी कोरी आहे त्यांच्यासाठी खेळाआधीचा अर्धा तास राखून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्या गोष्टींवरून वारंवार फोन येतात, तेवढ्याच इथे लिहिल्या आहेत.

पैसे लावून खेळता येईल का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला त्यात बंदी आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आमची फी टेबलाची आणि होस्टची (टेबल सांभाळणाऱ्या आमच्या माणसाची), आधी ठरलेली. तुम्ही जिंका नाहीतर हरा, ती तेवढीच राहते. चिप्स म्हणजे पडद्यावरचे आकडे, त्यांचे पैसे होत नाहीत.

"निदान जिंकणाऱ्याला एखादी पैठणी तरी ठेवा" असा आग्रह होतो, विशेषतः सोसायट्यांकडून. खेळणाऱ्यांकडून फी घ्यायची आणि त्यावर बक्षीस लावायचं, हे आम्ही करत नाही. आणि नंतर यूपीआयवर आपापसात हिशोब करू, असं बोलणं कानावर आलं तर टेबल तिथेच बंद होतं. फी परत मिळत नाही. कडक वाटेल, पण हा धंदा आम्हाला पुढच्या वर्षीही करायचाय.

सगळ्यांचा वेळ खाणारी चूक

चूक एकच आहे: आपण फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर पडलो, पण डाव चालू आहे, आणि तरी आपण व्हिडिओ कॉलवर पत्त्यांबद्दल बोलतो.

समजा सहा जण बसलेत. मामांना राजा-तिर्री आली, त्यांनी सुरुवातीलाच टाकून दिली. फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे सगळ्यांसाठीचे पहिले तीन पत्ते, उघडला: बदाम राजा, किलवर राजा, चौकट सत्ती. मामा कळवळून ओरडतात, "अरारारा, टाकला की रे!" मामांच्या मते ते फक्त हळहळले. पण डावात अजून भाची आहे, जावई आहेत. चार राजांपैकी दोन टेबलावर, एक मामांनी टाकलेला, म्हणजे कोणाकडे असलाच तर एकच. भाची मोठी रेज करून (बोली वाढवून) आपल्याकडे राजा असल्याचं भासवणार होती. जावईबापू एरवी नव्वीची जोडी हातात धरून दहादा विचार करते, आता ते निवांत कॉल करतात (तेवढेच चिप्स लावून डावात राहतात) आणि पॉट, म्हणजे मधे जमलेले चिप्स, घेऊन जातात.

मग सुरू होतं. भाची म्हणते हा डाव रद्द करा. जावई म्हणतात माझा काय दोष, मी तर कानात बोळे घालून बसू का? मामा म्हणतात, मी राजाचं नावसुद्धा घेतलं नाही. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, आणि होस्ट डावाची नोंद उघडून प्रत्येकाला समजावत बसतो. डाव मागे घ्यायची सोय आमच्या टेबलावर नाही. पॉट एकदा सरकला की सरकला.

एवढ्यात ब्लाइंडचं, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्सचं, घड्याळ पुढे गेलेलं असतं. आमच्याकडे ब्लाइंड दर १० मिनिटांनी वाढतात. बिग ब्लाइंड (दोन्हींतला मोठा) १०० असताना ज्याच्याकडे २००० चिप्स होत्या, त्याच्यापाशी वीस ब्लाइंडचं बळ होतं. वाद मिटेपर्यंत बिग ब्लाइंड २०० झाला की त्याच चिप्सचे दहाच उरले. बिचाऱ्याने ना पत्ता टाकला, ना तोंड उघडलं.

"मग वादाच्या वेळी घड्याळ थांबवत जा" असं सुचवलं जातं. थांबवलं तर दोन तासांचं टेबल रात्री बारापर्यंत लांबतं, आणि त्याच होस्टची वाट बघणारं दुसरं कुटुंब ताटकळतं. घड्याळ थांबणार नाही.

त्याऐवजी आमची पद्धत अशी: ज्याने फोल्ड केलं त्याचा माइक होस्ट बंद करतो, पत्ते दाखवून डाव संपला की उघडतो. यावरून आम्हाला बोल लावले जातात. "गप्पा मारायला जमलो आणि तुम्ही तोंडच बंद करता!" एक डाव मिनिटभरात आटोपतो हो. आणि दोन डावांच्या मध्ये आमटीपासून अमेरिकेच्या व्हिसापर्यंत काहीही बोला, आमची हरकत नाही. ज्यांना अजिबात म्यूट व्हायचं नाही त्यांच्यासाठी होस्टशिवायचं टेबल आहे, फीसुद्धा कमी आहे. तिथले वाद मात्र तुमचे तुम्ही मिटवायचे.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे स्क्रीन शेअर. "इथे काय करू, सांगा ना" म्हणत नवखा माणूस आपला पडदा सगळ्यांपुढे उघडतो, आणि त्याचे दोन्ही पत्ते सगळ्यांना दिसतात. अडलं तर होस्टला वेगळा निरोप टाका. बटण कुठलं दाबायचं ते तो सांगेल, कॉल करावा की फोल्ड ते सांगणार नाही. एका सोफ्यावर नवरा-बायको बसून एकमेकांच्या पत्त्यांत डोकावणं हेही त्यातलंच. एकाच हातावर दोघांनी मिळून खेळायचं असेल तर नाव नोंदवतानाच जोडी म्हणून सांगा, एक जागा देऊ.

तीन पत्ती खेळलेल्यांसाठी

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, इथे उलटं आहे. एकाच रंगाचे पाच पत्ते, म्हणजे फ्लश, सरळ क्रमाच्या स्ट्रेटला हरवतात. यावरून दर दिवाळीत कोणीतरी आमच्यावर चिडतं. इस्पिक मोठं, किलवर छोटं असंही इथे काही नाही. टेबलावरचे पाच आणि हातातले दोन, अशा सातांतून जमणारे उत्तम पाच पत्ते दोघांचे सारखेच असतील तर पॉट अर्धा-अर्धा होतो. हातातल्या उरलेल्या राणीला तेव्हा कोणी विचारत नाही.

व्हिडिओ कॉलवर तोंडाने "रेज" म्हटल्याला अर्थ नाही, बटण दाबलं तेच खरं. रकमेची पट्टी बोटाने सरकवताना फोनवर ती भलतीकडे जाऊन ऑल-इन होतं, म्हणजे सगळे चिप्स लागतात. म्हणून आकडा टाइप करा. दारावर कुरियरवाला आला तर उठण्याआधी "सिट आउट" दाबा, नाहीतर प्रत्येक डावात तुमची पाळी आली की बाकीचे ३० सेकंद तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात.

"पत्ते मुद्दाम असे पाडता ना?"

नाही. पत्ते सॉफ्टवेअर पिसतं, होस्टलाही ते दिसत नाहीत. घरी हाताने वाटताना तासाला पंचवीस-तीस डाव होतात, इथे त्याच्या दुप्पट सहज होतात. त्यामुळे मोठा हात हरण्याचा प्रसंगही दुप्पट वेळा दिसतो. हातात दोन एक्के येण्याचा योग सरासरी २२१ डावांतून एकदा. ते आले आणि समोर राजांची जोडी निघाली, सगळे चिप्स आत गेले, तरी शंभरातून साधारण १८ वेळा एक्के हरतात. तो डाव माणूस वर्षभर विसरत नाही, उरलेले ८२ मात्र हक्काचे धरतो. खेळ संपल्यावर सगळ्या डावांची नोंद ईमेलने पाठवतो. शंका असेल तर त्यातला डाव क्रमांक कळवा, होस्ट दुसऱ्या दिवशी निवांत फोन करेल.

वेळ ठरवताना

परदेशातली मंडळी असतील तर शनिवारी रात्री ८:३० सोयीचं पडतं. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे ११ असतात, हिवाळ्यात १०. तिकडची घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात, त्या आठवड्यांत कोणीतरी हमखास तासभर चुकतं. त्यामुळे आमंत्रणात दोन्हीकडच्या वेळा आम्हीच लिहून देतो.

एका टेबलावर ५ ते ९ जण बसतात. त्याहून जास्त असाल तर दोन टेबलं लावतो आणि शेवटी उरलेल्यांना एकत्र आणतो. नोंदणी करताना नवखे किती आणि तीन पत्तीवाले किती ते लिहा, म्हणजे सुरुवातीचा अर्धा तास कशावर घालवायचा ते होस्टला कळतं. दिवाळीच्या आठवड्यातल्या वेळा दसऱ्याच्या आसपासच भरतात.